डेल्मर टॅकेटची आजारी जमीन

आमच्याकडे रविवारी चर्च सुटलं की लोक घरी जाऊन जेवतात आणि मग गाडी काढून दुसऱ्यांची शेतं बघायला निघतात. गाडी इतकी हळू चालवतात की मागच्याला वाटावं, पेट्रोल संपत आलंय. काच खाली, कोपर बाहेर, आणि तोंडाने निकाल सुरू: याचा कापूस बुटका राहिला, त्याच्या मक्याला पाणी कमी पडलं, या गाढवाने तण तसंच ठेवलंय. मिसूरी राज्याच्या नकाशाला तळाशी एक टाच आहे, तिथे आम्ही राहतो. इथे डोंगर नाही, टेकडी नाही, काही लपवायला आडोसा नाही. ज्याचं शेत रस्त्याकडेला, त्याची अब्रू रस्त्यावर.

आणि डेल्मर टॅकेटचं सगळ्यात वाईट शेत नेमकं मोठ्या रस्त्याला लागून होतं.

डेल्मर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, मॅव्हिसचा, नवरा. उंच, खांद्यात वाकलेला, बोलण्यात महाकंजूष. लग्नात "हो" म्हणायलाही त्याने इतका वेळ लावला की माझ्या आईने पर्समधून रुमाल काढून पुन्हा आत ठेवला. पण कामाला वाघ होता. नदीकडची त्याची काळी जमीन बघितली की कुणालाही हेवा वाटावा. फक्त ती रस्त्यावरून दिसायची नाही. दिसायचा तो हा वाळूचा तुकडा.

दोनशे वर्षांपूर्वी आमच्याकडे जमीन हलली होती. एकदा नाही, सारा हिवाळा हलत होती. मिसिसिपी नदी काही काळ उलटी वाहिली, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. भुईला भेगा पडल्या आणि खालची वाळू कारंज्यासारखी वर उसळली. ती वाळू अजून तशीच आहे. नांगरलेल्या काळ्या मातीत पांढरे गोल दिसतात, एखाद्या प्रचंड जनावराने पाऊल टेकवून जावं तसे. डेल्मरच्या त्या तुकड्यात असे गोल एकाला एक लागून होते. तिथे सोयाबीन पेरलं की जुलैपर्यंत बरं चालायचं, मग पानं पिवळी पडायची आणि ऑगस्टमध्ये झाडं उभ्या उभ्या मरायची. डेल्मरचा बाप ल्यूथर तिथे दरवर्षी हट्टाने पेरत राहिला आणि दरवर्षी हरत राहिला. लोक त्या तुकड्याला "टॅकेटचं कब्रस्तान" म्हणायचे. ल्यूथरची खात्री होती की देवाने टॅकेटांच्या घरावर बोट ठेवलंय, आणि सगळ्या गावाला दिसावं म्हणून रस्त्याकडेला ठेवलंय. तो मेला तोसुद्धा हेच मनात धरून.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी लूएला. गावाबाहेरच्या बियाणे संशोधन केंद्रात मी उन्हाळ्यात फुलांची लग्नं लावते. हसू नका. सोयाबीनचं फूल तांदळाच्या दाण्याएवढं असतं, आणि ते उमलायच्या आधीच आतल्या आत स्वतःशीच लग्न उरकून मोकळं होतं. म्हणून आपल्याला हवा तो जोडा जमवायचा तर सकाळी सकाळी, कळी मिटलेली असताना, गुडघ्यावर बसून चिमट्याने पाकळ्या काढायच्या, आतले केसाएवढे पुंकेसर एकेक उपटायचे, आणि दुसऱ्या झाडाचं फूल आणून त्याचा पराग हलकेच टेकवायचा. मग दोरा बांधायचा. त्यातली बरीचशी फुलं गळून जातात. एखादं टिकतं, शेंग धरते, शेंगेत दोन-तीन दाणे. मी किती वर्षं हे करतेय, तरी दोरा बांधलेल्या जागी शेंग दिसली की अंगावर काटा येतो. मी काही देव नाही, साधी मॅट्रिक झालेली बाई आहे. पण जगात कधी नव्हतं असं एक झाड त्या शेंगेत असतं आणि ते माझ्या चिमट्याने आलेलं असतं.

हे सगळं कशासाठी, तर नदीनबाईंसाठी. डॉक्टर नदीन आमच्या केंद्रातल्या मुख्य बाई. त्यांना असं सोयाबीन हवं होतं ज्याचं तेल ऑलिव्हच्या तेलासारखं कढईत टिकेल, लवकर खवट होणार नाही. तसं तेल देणारी झाडं त्यांना मिळालीही होती. दाण्याच्या पाठीचा नखाच्या टोकाएवढा कपचा काढायचा, मशीनमध्ये तेल तपासायचं, आणि उरलेला दाणा पेरायचा. जखमी दाणा तसाच रुजतो! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी केंद्रातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं, आणि सगळे मला हसले होते, कारण त्यांनी ते रोजच बघितलेलं होतं.

पण तेल चांगलं तर उतारा कमी. उतारा जमवला तर रोगाला बळी. वर्षानुवर्षं बाई हे तिन्ही एका झाडात बसवत होत्या. एक धरायला जावं तर दुसरं हातचं सुटायचं. शेवटी एक वाण हाती आला. त्याचा नंबर लांबलचक होता, आम्ही त्याला नुसतं "सतरा" म्हणायचो. त्याचं तेल उत्तम होतं आणि दुसऱ्या गावांत उताराही चांगला आला होता. राहिला एकच प्रश्न, वाईटात वाईट जमिनीत तो तगेल का? वर्षअखेरीस बाई निवृत्त होणार होत्या. त्याआधी हे सिद्ध झालं नाही, तर समिती सतराला शीतगृहात ठेवून देणार होती. आणि तिथे एकदा गेलेलं बियाणं कोण कशाला पुन्हा काढतोय?

अशा वाईट जमिनीच्या शोधात, सतरा हाती येण्याच्या काही वर्षं आधीच, मी त्यांना मॅव्हिसच्या स्वयंपाकघरात आणून बसवलं होतं.

"डेल्मर, मला तुमची सगळ्यात वाईट जमीन हवी आहे," बाई म्हणाल्या.

डेल्मरने कॉफीचा कप खाली ठेवला. "बाई, नदीकडे माझं काळं सोनं आहे. तिकडे लावा की."

"सोन्यात सगळीच पोरं गुणी निघतात. मला तुमचा रस्त्याकडचा तुकडा द्या. तो आजारी आहे."

"आजारी?"

"सूत्रकृमी आहेत त्यात. डोळ्यांना न दिसणारे किडे. वाळूत त्यांना मोकळं फिरता येतं. मुळांत शिरतात आणि झाडाचं पाणी तोडतात."

डेल्मरने कपाची कड अंगठ्याने पुसली. मग विचारलं, "म्हणजे हा शाप नाही?"

"शाप कसला? किडे आहेत."

तो उठला आणि मागच्या दाराने बाहेर गेला. मॅव्हिस खिडकीतून बघत होती. ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून तो रडत होता, असं तिने मला नंतर सांगितलं. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि म्हणाला, "घ्या तुकडा. पण एक सांगतो, लोक हसतील."

लोक हसलेच. त्या वाळूत वाणांचे लहान लहान वाफे पडले, प्रत्येक वाफ्याच्या डोक्याशी नंबराची खुंटी. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये जवळजवळ सगळे वाफे पिवळे पडून मेले आणि नुसत्या खुंट्या उभ्या राहिल्या. हायवेवरच्या कॉफीच्या दुकानात रॉयस मॅकलिन, म्हणजे डेल्मरचा शेजारी, मोठ्याने म्हणाला, "काय रे डेल्मर, कब्रस्तान ठीक होतं, आता प्रत्येक मढ्याला पाटीपण लावलीस?"

"हो," डेल्मर म्हणाला. "कोपऱ्यातली एक तुझ्यासाठी राखून ठेवलीय."

दुकानभर हशा पिकला. पण घरी येताना डेल्मर त्या तुकड्यासमोरून न जाता मागच्या कच्च्या रस्त्याने आला, हे मला माहीत आहे, कारण मी त्याच्या शेजारी बसले होते.

अग्निशमन दलाच्या वर्गणीसाठी आमच्या गावात दर उन्हाळ्यात मासे तळायचा कार्यक्रम होतो, आणि कढईवर डेल्मरच असतो. कॅटफिश, मक्याच्या पिठाची भजी, बटाटे. दुपारी सुरू करायचं ते दिवे लागेपर्यंत. एका वर्षी नदीनबाईंनी सतराच्या थोरल्या भावंडांचं तेल एका डब्यात भरून आणलं. डेल्मरने ते एका कढईत ओतलं आणि शेजारच्या कढईत नेहमीचं. संध्याकाळपर्यंत नेहमीचं तेल काळं, चिकट, धूर सोडायला लागलं. बाईंच्या तेलात अजून कढईचा तळ दिसत होता. डेल्मर झारा हातात धरून त्या तेलाकडे नुसता बघत उभा राहिला. रांगेतली माणसं ओरडायला लागली.

"डेल्मर, मासा दे की! देवदर्शनाला आलास का?"

"गप्प बसा," तो म्हणाला. "हे असलं माझ्या वाळूत येणार आहे."

सतरा त्या वाळूत पेरला त्या वर्षीचा ऑगस्ट मी विसरणार नाही. आजूबाजूचे वाफे पिवळे पडत गेले आणि मधे एक हिरवा पट्टा उभा राहिला. पांढऱ्या गोलाच्या एका कडेने आत शिरून दुसऱ्या कडेने बाहेर आलेला, कुठेही न खचलेला. खाली दोनशे वर्षांपूर्वी पाताळातून आलेली वाळू, त्या वाळूत पिढ्यान्‌पिढ्या पोसलेले किडे, आणि वर कमरेएवढी झाडं, शेंगांनी लगडलेली. डेल्मर रोज संध्याकाळी तिथे गाडी लावायचा, उतरायचा आणि टोपी काढून हातात धरायचा. मी एकदा विचारलं, प्रार्थना करतोस का? म्हणाला, "नाही. उकडतं."

बाई मात्र हुरळल्या नाहीत. "हिरवं दिसणं हा पुरावा नव्हे. प्रत्येक वाफा वेगळा कापून वजन करायचं आणि मग मुळं खणून बघायची. त्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही."

कापणीला आठवडा राहिला असताना डेल्मरच्या छातीत कळ आली.

मॅव्हिस आणि मी त्याला घेऊन केप जिरार्डोच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो. छाती उघडून शस्त्रक्रिया झाली. दोन रात्री आम्ही खुर्चीत काढल्या. शनिवारी दुपारी तो शुद्धीवर येऊन सूप घ्यायला लागला, आणि तेवढ्यात माझ्या फोनवर रॉयसचा फोटो आला.

आमच्या भागात एक रीत आहे. शेतकरी आजारी पडला की शेजारी आपापली यंत्रं घेऊन येतात आणि एका दिवसात त्याचं सगळं पीक काढून देतात. कुणी बोलावत नाही, कुणी पैसे घेत नाही, बायका ट्रकच्या मागे सँडविच वाटतात. फोटोत डेल्मरचं शेत होतं आणि त्यात हार्वेस्टरची रांग, लाल, हिरवे, एकामागे एक, धुळीचा सोनेरी ढग उडवत निघालेले. जी माणसं त्याला वर्षानुवर्षं हसली, त्यांनी स्वतःचं पीक उभं ठेवून याचं कापलं होतं. माझे डोळे भरून आले. मी फोन डेल्मरसमोर धरला. त्याने बघितलं आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात गेलं.

"रॉयस?" तो म्हणाला. "रॉयसपण आला?"

"तोच पुढे आहे."

मग त्याची नजर फोटोच्या कोपऱ्यात गेली. तिथे गोठ्याच्या भिंतीला नंबरांच्या सगळ्या खुंट्या नीट मोळी बांधून उभ्या केलेल्या होत्या.

"लूएला," तो म्हणाला. "सतरा."

मी फोटो बोटांनी मोठा केला. सगळे वाफे एकाच ट्रकात. मेलेले, अर्धमेले आणि सतरा, सगळ्यांचे दाणे एकत्र होऊन कोठीत गेलेले. बाईंनी वर्षानुवर्षं वेगळं केलेलं आमच्या लोकांनी प्रेमाने एका दुपारी कालवून टाकलं होतं. आणि त्याखाली रॉयसचा निरोप: "डेल्मरला सांग, काळजी नको. उद्या उजाडताच तव्यांचा कुळव घालून रानपण तयार करून देतो."

मी बाहेर जाऊन नदीनबाईंना फोन केला. त्यांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "उतारा गेला. पण हार्वेस्टर वरून कापतो. मुळं अजून जमिनीत आहेत. लूएला, तो कुळव थांबव."

रॉयस फोन उचलेना. संध्याकाळी निरोप ठेवले, रात्री ठेवले. तो फोन गाडीत टाकून झोपतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पहाटे मॅव्हिसला डेल्मरजवळ सोडून मी गाडी काढली. पोचले तेव्हा रॉयसचा ट्रॅक्टर शेताच्या लांबच्या टोकापासून येत होता आणि मागे काळी माती उलटत होती. मी सरळ पुढे जाऊन उभी राहिले. दोन्ही हात वर.

"लूएला! तू दवाखान्यात नव्हतीस का?"

"तुझ्या चांगुलपणाने पळवून आणलंय मला. खाली उतर!"

उतरला. मी सांगितलं. त्याचा लालबुंद चेहरा पांढराफटक पडला. 

"आम्ही तोच कोपरा आधी कापला," तो म्हणाला. "म्हटलं, मेलेलं पीक, रस्त्यावर, आणि माणूस दवाखान्यात. निदान त्याची लाज तरी आधी झाकू."

मला त्याला थोबाडीत द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही. म्हटलं, फावडी आण.

रॉयस चर्चमध्ये गेला आणि उभा राहून सगळ्यांसमोर बोलला. पाद्रीबाबांनी प्रवचन अर्ध्यावर सोडलं. दुपारी लोक चर्चच्याच कपड्यांत आले, टाय खिशात कोंबलेले, बायकांच्या पायांत मुलांचे रबरी बूट. वाफ्यांमधल्या रिकाम्या वाटा अजून दिसत होत्या, नदीनबाई वाफ्यांचा नकाशा घेऊन आल्या होत्या, त्यामुळे कोणता वाफा कुठला हे लगेच लागलं. खणायला सुरुवात झाली.

पहिली मुळं वर आली. जाड, वेडीवाकडी, गाठींनी भरलेली.

"छानच आहेत की," रॉयस म्हणाला. "गाठी म्हणजे नत्र. माझा बाप सांगायचा, गाठी दिसल्या की मूळ खूश."

बाईंनी त्याच्या हातातलं मूळ घेतलं. "नत्राची गाठ मुळाला बाहेरून चिकटलेली असते. नखाने काढ, निघते. ही काढून दाखव."

रॉयसने अंगठ्याचं नख लावलं. गाठ निघेना. जोर लावला तसं मूळच फाटलं, कारण गाठ म्हणजे सुजलेलं मूळच होतं.

मग सतराच्या वाफ्यातलं झुडूप निघालं. बाईंनी बादलीतल्या पाण्यात खळबळून ते वर धरलं. केसांसारखी सरळ, पांढरी मुळं, खूप खोल गेलेली. मधे वाळलेल्या नत्राच्या गाठी, नख लावताच टचकन निघाल्या. दुसरं झुडूप तसंच, तिसरं तसंच. बाजूला हातभर अंतरावरची सगळी सुजलेली, आणि ही अशी, त्याच वाळूत, त्याच किड्यांत. पाणी मुळांवरून ठिबकत होतं. मोठमोठी माणसं टोप्या काढून उभी होती. मी त्या मुळांकडे बघत राहिले. जुलैतल्या एका सकाळी मिटलेल्या कळीत चिमटा घातला होता, तिथून हे इथवर आलं होतं. मला हुंदका आवरेना.

इतरत्रचे उतारे आणि इथली मुळं, एवढ्यावर समितीने पुढे सतराचं बियाणं शेतकऱ्यांसाठी खुलं केलं. त्या वाळूतला उताऱ्याचा आकडा मात्र कोराच राहिला. पण ते नंतर.

त्या दुपारी रॉयस मात्र सतराकडे बघत नव्हता. तो अजून ते फाटलेलं मूळ हातात घेऊन अंगठ्याने चाचपत होता. मग कुणाशी न बोलता ट्रॅक्टर तिथेच सोडून निघून गेला.

डेल्मर घरी आला तेव्हा छातीवर उशी धरून पुढच्या व्हरांड्यातल्या खुर्चीत बसला. आमच्याकडे आजाऱ्याच्या घरी लोक खाण्याची भांडी घेऊन येतात, म्हणून गाडी थांबलेली ऐकून मॅव्हिसने ओट्यावर जागा केली. पण रॉयस बादली घेऊन आला होता. त्याने ती डेल्मरच्या पायाशी ठेवली. आत मुळं होती, सुजलेली, गाठाळलेली.

"माझी कुठून खणलीस?" डेल्मरने विचारलं.

"तुझी नाहीत. माझी आहेत. झाडीमागच्या शेतातली." रॉयस जमिनीकडे बघत होता. "दरवर्षी तिथे पिवळं पडतं. मी म्हणायचो पाणी कमी पडलं. बापही तेच म्हणायचा. रस्त्यावरून दिसत नाही ना."

डेल्मरने बादली पायानेच जवळ ओढली. संध्याकाळपर्यंत आणखी गाड्या आल्या. कुणी पोत्यात, कुणी कागदी पिशवीत, एकाने तर बायकोच्या केकच्या डब्यात मुळं आणली. कालव्यापलीकडची, गोठ्यामागची, नदीच्या वळणावरची, जिथे रविवारची गाडी जात नाही तिथली. प्रत्येक जण आपलं पायरीवर ठेवायचा आणि मान खाली घालून म्हणायचा, माझ्याकडे पण आहे. अर्ध्या गावाच्या जमिनी आजारी होत्या, बापांच्या काळापासून.

दिवस मावळताना डेल्मरने मला हात धरून उठवायला सांगितलं. पायरीपर्यंत आला, त्या ढिगातलं एक मूळ उचललं आणि उलटसुलट करून बघितलं. मला वाटलं आता सगळ्यांना चार शब्द सुनावेल, त्याचा हक्कच होता तो.

"माझा बाप हे आपल्या एकट्याचंच दुखणं समजून मेला," तो म्हणाला, आणि मूळ हातात धरून तसाच उभा राहिला.